नवी रॅम बसवली की लॅपटॉप सुरूच होत नाही: बाजारात जाण्याआधी काय तपासावे

लॅपटॉप संथ झाला म्हणून रॅम वाढवायला घ्यावी, नवी स्टिक बसवावी आणि पडदा काळाच राहावा, ती परत करून दुसरी आणावी आणि पुन्हा तेच घडावे, ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की हल्ली कोणी पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढण्याआधीच मी जुन्या स्टिकचा फोटो मागतो. तो बहुतेकांकडे नसतो. त्यांच्याकडे 'आठ जीबी, सोळाशे' एवढाच आकडा असतो आणि तेवढ्यावर ते दुकानात जाऊन आलेले असतात. स्टिक सदोष निघण्याचे प्रमाण माझ्या पाहण्यात अगदी कमी आहे. चूक बहुतेक वेळा खरेदीतच झालेली असते आणि स्क्रू काढल्यावर ती फक्त उघडकीस येते.

माझ्या भाच्याचे उदाहरण सांगतो. त्याच्याकडे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा, मूळ ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप होता. डिप्लोमाला प्रवेश घेतल्यावर त्यावर ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर चालेना, म्हणून त्याने ८ जीबीची स्टिक आणली. ती स्लॉटमध्ये नीट बसली आणि दोन्ही खटकेही लागले. बटण दाबल्यावर दिवा लागे, पंखा तीन-चार सेकंद फिरे, मग सगळे शांत होई आणि पुन्हा आपोआप सुरू होई, पण पडद्यावर काही उमटत नसे. त्याने स्टिक बदलून आणली, तरी तेच घडले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, दुकानदार म्हणतो बोर्ड गेला." मी त्याला जुनी ४ जीबीची स्टिक परत बसवायला सांगितली आणि लॅपटॉप निमूटपणे सुरू झाला. म्हणजे बोर्ड शाबूत होता. मग मी दोन्ही स्टिकच्या लेबलांचे फोटो मागवले. जुनीवर 'पीसी३एल-१२८००एस' असे छापले होते आणि नवीवर 'पीसी३-१२८००एस'. फरक फक्त 'एल' या एका अक्षराचा होता.

या अक्षराचा अर्थ विजेच्या दाबाशी निगडित आहे. साधी डीडीआर३ रॅम (डीडीआर हा रॅमचा प्रकार आणि ३ ही त्याची पिढी) १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोन्हींना २०४ पिना असतात आणि मधली खाचही एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये शिरताना कुठेही अडत नाही. २०१३ मध्ये आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे, डीडीआर३ च्या काळातले लॅपटॉपचे प्रोसेसर १.३५ व्होल्टचीच डीडीआर३एल रॅम मागतात, तेथे १.५ व्होल्टची स्टिक लावली की यंत्र पहिल्याच तपासणीत थांबते. उलट दिशेने मात्र अडचण सहसा येत नाही, कारण एल प्रकारच्या स्टिक दोन्ही दाबांवर चालतील अशाच बनवलेल्या असतात आणि जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्येही त्या बहुधा चालतात. म्हणून डीडीआर३ च्या काळातल्या लॅपटॉपसाठी रॅम घ्यायची असेल, तर शंका असो वा नसो, एल अक्षर असलेलीच मागावी.

आता तयारीकडे वळू. रॅम खरोखरच कमी पडते आहे का, हे आधी पाहावे. नेहमीची सगळी कामे एकाच वेळी उघडी ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी, हे पान उघडावे. तेथे 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे दिसतात; त्यांतला पहिला आकडा लॅपटॉपमधील एकूण रॅमच्या वर सतत जात असेल, तर रॅम अपुरी असण्याची शक्यता दाट असते. पण रॅम साठ टक्केच वापरात असेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांना चिकटून बसली असेल, तर आजार वेगळा आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, लावल्याने अशा यंत्रात जो फरक पडतो, तो रॅम दुप्पट करूनही पडत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच असेल, तर मी आधी एसएसडीच घ्यायला सांगतो.

त्याच पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडीआयएमएम' असेल, तर स्टिक काढता-घालता येण्याजोगी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल, तर रॅम मदरबोर्डवर डाख देऊन जोडलेली आहे आणि ती बदलण्याचा विचार सोडून द्यावा. एलपीडीडीआर या नावाची रॅम असलेल्या सडपातळ लॅपटॉपमध्ये जवळजवळ नेहमी हाच प्रकार असतो. मॅकबुक प्रो वापरणाऱ्यांनी तर २०१२ नंतरच्या मॉडेलबाबत ही चौकशीही करू नये. त्या वर्षीच्या रेटिना नसलेल्या मॉडेलनंतर ॲपलने त्या मालिकेत बदलता येणारी रॅम दिलेली नाही. स्लॉटच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हा आकडा बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा अंगभूत प्रोग्राम, जे सांगतो तोच असतो, आणि काही लॅपटॉपमध्ये बोर्डवरची जोडलेली रॅमसुद्धा एक स्लॉट म्हणून मोजली जाते. 'दोनपैकी एक वापरात' असे वाचून स्टिक आणावी आणि झाकण उघडल्यावर दुसऱ्या स्लॉटच्या जागी नुसत्या डाखाच्या रिकाम्या खुणा दिसाव्यात, असेही मी पाहिले आहे. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरून उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्या मॉडेलचे रॅमचे पान पाहावे. ही पुस्तिका बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. तीत स्लॉट किती, रॅमची कमाल मर्यादा किती आणि झाकण कोणत्या क्रमाने काढायचे, हे सगळे चित्रांसह दिलेले असते.

मर्यादेबद्दल एक खुलासा हवा. कंपनीच्या पानावर छापलेली कमाल मर्यादा पुष्कळदा त्या काळी बाजारात मिळणाऱ्या स्टिकवरून ठरवलेली असते, तर प्रोसेसरची स्वतःची मर्यादा त्याहून अधिक असू शकते. प्रोसेसरचा क्रमांक घेऊन इंटेल किंवा एएमडीच्या तपशील-पानावर ती पाहता येते. कंपनी ८ म्हणते आणि प्रोसेसर १६ म्हणतो, अशा वेळी १६ चालण्याची शक्यता बरीच असते, पण खात्री नसते. स्टिक परत घेण्याची अट दुकानदाराशी आधीच बोलून घ्यावी आणि मगच ती जोखीम पत्करावी.

यानंतरचे काम म्हणजे जुन्या स्टिकचे लेबल वाचणे. भाच्याच्या स्टिकवर '४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस-११' अशी ओळ होती. पहिला आकडा क्षमतेचा. '१आर' म्हणजे चिपांचा एक संच, आणि 'एक्स८' म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिटे देते. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३ ही पिढी आणि 'एल' म्हणजे कमी दाब. १२८०० हा आकडा एका सेकंदाला किती मेगाबाइट वाहून नेता येतात त्याचा आहे. त्याला आठाने भागले की १६०० हा आपल्या ओळखीचा वेग मिळतो. शेवटचे 'एस' हे लॅपटॉपच्या आखूड स्टिकचे अक्षर आहे. तेथे 'यू' असेल, तर ती डेस्कटॉपची लांब स्टिक समजावी. डीडीआर४ मध्ये लेबलाची पद्धत बदलली. तेथे 'पीसी४-२४००टी' असे लिहितात, म्हणजे वेग सरळच छापलेला असतो. पण खोक्यावर त्याच स्टिकला 'पीसी४-१९२००' म्हटलेले असते. एकाच वस्तूची ही दोन नावे पाहून कित्येकांना आपल्याला भलतीच स्टिक मिळाली असे वाटते. आठाने गुणून किंवा भागून पाहिले की शंका फिटते.

पिढ्यांची अदलाबदल कोणत्याही परिस्थितीत होत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात, आणि खाचेची जागाही बदललेली असते. स्टिक शिरत नसेल, तर जोर लावू नये. ती उलटी धरली आहे किंवा पिढी चुकली आहे, याखेरीज तिसरे कारण जवळजवळ नसतेच.

वेगाच्या बाबतीत मात्र लोक उगाच धास्तावतात. २६६६ च्या जोडीला ३२०० ची स्टिक लावली, तर दोन्ही २६६६ वर चालतात, एवढेच होते. वेगळ्या क्षमतेच्या स्टिक एकत्र चालत नाहीत, हा समजही बहुतांशी खोटा आहे. बोर्डवर ४ जीबी जोडलेली आणि एक स्लॉट रिकामा, अशा लॅपटॉपमध्ये ८ जीबीची स्टिक लावली की एकूण १२ जीबी होतात. त्यांतले पहिले ८ जीबी दोन्ही वाहिन्यांतून, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांमधल्या दोन्ही मार्गांनी, वेगाने चालतात आणि उरलेले ४ एका वाहिनीतून. खिशाला परवडत असेल तर समान जोडी घ्यावी, पण त्यासाठी चांगली चालणारी स्टिक विकून टाकण्याची गरज नाही. खेळांच्या डेस्कटॉपसाठी विकल्या जाणाऱ्या जादा वेगाच्या रॅमच्या लॅपटॉप-आवृत्त्याही मिळतात; पण त्यांचा जाहीर वेग बायोसमध्ये वेगळी सोय असल्याशिवाय बहुधा मिळत नाही आणि साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती सोय सहसा नसते, तेव्हा जास्तीचे पैसे तेथे घालवू नयेत.

लेबलाचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असला की मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो वा घरबसल्या केलेली मागणी, बोलणे सोपे होते. 'या लॅपटॉपला चालेल अशी द्या' असे म्हणण्याऐवजी 'हीच ओळ, फक्त क्षमता ८' असे सांगावे आणि हातात मिळालेल्या स्टिकचे लेबल काउंटरवरच फोटोशी ताडून पाहावे. भाच्याने ही दोन मिनिटे दिली असती, तर त्याच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

झाकण उघडण्याच्या आदल्या दिवशी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, तर त्याचा अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी-कोड कागदावर लिहून घ्यावा, कारण बायोसमध्ये फेरफार झाल्यावर तो विचारला जाऊ शकतो आणि त्या क्षणी तो लॅपटॉपमध्येच अडकलेला असणे फार त्रासाचे ठरते. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर नेहमीच्या 'शट डाउन'ने यंत्र पूर्णपणे बंद होत नाही, त्याची काही अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' करावे. मग चार्जर काढावा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती आधी काढावी. आत बंदिस्त असेल तर झाकण उघडल्याबरोबर तिचा जोड सोडवावा. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय बायोसमध्येच असते, ती वापरावी. त्यानंतर चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले की उरलीसुरली वीजही निघून जाते.

स्क्रूंबद्दल मी जरा हट्टी आहे. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीची चौकट काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. स्क्रूंच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला, तर तो वरच्या बाजूला तळहात टेकतो तेथे फुगवटा आणतो किंवा आतली एखादी पट्टी दाबतो. सगळे स्क्रू निघूनही झाकण हलत नसेल, तर रबरी पायांखाली एखादा लपलेला आहे का ते पाहावे. कडा सोडवायला जुने एटीएम कार्ड उत्तम. लोखंडी टोकाने ओरखडे पडतात आणि खटके तुटतात.

थंडीत देशावरच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा सतरंजीवर किंवा नायलॉनच्या चादरीवर बसून हे काम करू नये. आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला, उदाहरणार्थ नळाच्या लोखंडी पाइपाला, हात लावावा आणि स्टिक कडेनेच धरावी. जुन्या स्टिकच्या सोनेरी दातांवर काळसर थर असेल, तर आपल्याकडे खोडरबर घासण्याची रीत आहे. ती कधीमधी उपयोगी पडते हे खरे, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवाच त्रास सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला सुती कापड-तुकडा अधिक बरा.

स्टिक साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवावी, दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत दाबावी आणि मग आडवी करून दोन्ही बाजूंचे खटके लागल्याचा आवाज ऐकावा. एका बाजूचाच खटका लागलेला असणे हे काळ्या पडद्याचे, चुकीच्या स्टिकनंतरचे, सर्वांत नेहमीचे कारण आहे.

इतके करूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नये. डीडीआर५ असलेला लॅपटॉप नव्या स्टिकची पहिली ओळख करून घेताना काही मिनिटे काळाच राहू शकतो; तेव्हा पाच-दहा मिनिटे थांबावे, मध्येच बटण दाबू नये. त्याहून अधिक वेळ गेला, किंवा रॅम जुन्या पिढीची असली, तर दोन स्टिक आणि दोन स्लॉट यांच्या चार जोड्या एकेक करून तपासाव्यात, आणि प्रत्येक वेळी आधी बॅटरी सोडवावी. जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि नवी कोठेच चालत नाही, तर दोष स्टिकचा किंवा तिच्या प्रकाराचा, आणि लेबल पुन्हा ताडून पाहावे. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात चालत नाहीत, तर दोष स्लॉटचा किंवा त्यातल्या धुळीचा. वेगवेगळ्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, तर दोघींचे जमत नाही. अशा वेळी बायोसची नवी आवृत्ती कधीकधी मदत करते, अन्यथा एकत्र विकली जाणारी समान जोडी घेणे हाच उपाय. मधल्या काळात ऐकू येणारे बीप किंवा दिव्याच्या उघडझापा मोजून ठेवाव्यात, कारण त्यांचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

दुसऱ्या प्रकारची तक्रार अशी असते की लॅपटॉप सुरू तर होतो, पण रॅम पूर्ण दाखवत नाही. विंडोज ३२ बिटांची असेल, तर तिच्या घरगुती वापराच्या आवृत्त्या ४ जीबीच्या पलीकडे जातच नाहीत आणि त्यांतलेही सव्वातीन-साडेतीनच वापरायला मिळतात. तेथे ६४ बिटांची विंडोज घातल्याशिवाय नवी स्टिक निरुपयोगी आहे. एकूण ८ जीबी दिसूनही ५.९ च वापरता येतात असे असेल आणि प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्सचा असेल, तर वापरता न येणारा भाग ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्हड' पुढे तो आकडा सापडतो आणि तो दोष नाही. तिसरे कारण माणसाने स्वतः ओढवून घेतलेले असते: 'लॅपटॉप वेगवान करा' असे सांगणारा व्हिडिओ पाहून कोणीतरी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या साधनातल्या बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण केलेली असते. त्या खुणेने रॅम वाढत नाही, तेथे लिहिलेल्या आकड्यापाशी तिला कुंपण पडते. खूण काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की काम होते. आणि यंत्रातल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये १६०० च्या जागी ८०० दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते आणि तो प्रोग्राम फक्त ठोके मोजतो.

तिसरी तक्रार चार-आठ दिवसांनी येते. सगळे चांगले चाललेले असताना मध्येच निळा पडदा येतो, किंवा ब्राउझर कारणाशिवाय बंद पडतो. अशा वेळी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक निघता कामा नये. हजारांत एकच आहे म्हणून ती माफ करण्यासारखी नसते. चूक निघाली, तर एकेक स्टिक वेगळी तपासून दोषी कोण ते ठरवावे आणि पडद्याचा फोटो पावतीसोबत दुकानात द्यावा. रॅमवर बहुधा दीर्घ मुदतीची हमी असते, पण तोंडी तक्रारीपेक्षा लाल ओळींचा तो फोटो लवकर काम करतो.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये शेवटी एल अक्षराची ८ जीबीची स्टिक बसली आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनी ४ जीबीची तशीच राहिली. लेबलांचे दोन्ही फोटो त्याने आता लॅपटॉपच्या पावतीबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत.